अर्धा अंजिरी फेटा

आमच्या लीगमध्ये वर्षातला सगळ्यात चांगला खेळाडू कोण, हे त्याच्याकडून हरलेले लोक ठरवत. त्याच्या स्वतःच्या संघाला त्यात बोलायची मुभा नव्हती. पंचाला नव्हती, खुर्चीवर बसलेल्या पाहुण्यालाही नव्हती. पुढच्या आयुष्यात नोकरीच्या निमित्ताने मी बरीच गावं पाहिली, मोठमोठ्या स्पर्धांची बक्षिसं वाटली जाताना पाहिली, पण इतकी सरळ रीत मला कुठे भेटली नाही. ती आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, चिखलीच्या गुरांच्या बाजाराच्या मैदानावर, अनवाणी खेळणाऱ्या लोकांनी काढली. मला तिचा अभिमान आहे, आज या वयातही आहे. म्हणूनच तिच्याबद्दल जी एक खोटी गोष्ट इतकी वर्षं सांगितली जाते, ती माझ्या हयातीत दुरुस्त व्हावी असं मला वाटतं. ती गोष्ट माझ्याबद्दलची आहे, आणि ती ऐकून लोक माझ्या पाया पडतात.

नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. एकाचं लिहिलं तर दुसऱ्याचे नातू दारात येऊन उभे राहतील, आमच्या आजोबांचं का नाही म्हणून.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. सरकारी हुकूम नागपुराहून यायचे आणि फुटबॉलही त्याच वाटेने आला असं जुने लोक सांगत. आधी तो शाळांमध्ये शिरला, मग शाळा सोडलेल्यांमध्ये, मग कापसाच्या जिनातल्या कामगारांत आणि शेतकऱ्यांच्या पोरांत. आमची लीग भरायची पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत. पोळ्याआधी शेतातून कुणाचा पाय निघत नसे, आणि दसऱ्यानंतर कापूस फुटला की मलकापूरच्या जिनांचे भोंगे सुरू व्हायचे. अर्धे खेळाडू तिकडे जायचे आणि अर्धे वेचणीला. मधले जे दिवस हाती लागत, तेवढ्यात सगळे संघ एकमेकांशी खेळून घेत. चिखली, उंद्री, मेहकर, बुलढाणा हे आम्ही घाटावरचे. मलकापूर आणि खामगाव घाटाखालचे. घाटाखालचे आम्हाला म्हणत, "वरून उतरतानीच तुमचा दम जाते, खेळसान कवा बे?" आम्ही म्हणत असू, "तुम्ही सकाळपासून आगगाडीचा धूर खाता, आधी खोकून घ्या."

मैदान काळ्या मातीचं. भाद्रपदात ती माती पायाला अशी धरते की चार पावलांत पायांत चिखलाचे जोडे चढतात. थांबून काठीने ते खरवडायचे आणि पुन्हा पळायचं. चेंडू कातड्याचा, वर नाडी आवळलेली. भिजला की भरल्या घागरीसारखा जड व्हायचा. डोक्याने मारताना नाडीचा वळ कपाळावर उठायचा. मैदानाच्या एका अंगाला थोडा चढ होता आणि तिथे हरळी धरली होती, म्हणून तेवढ्या पट्टीत पाय ठरायचा. ज्याला ती पट्टी कळली त्याला अर्धा खेळ कळला.

सुरुवातीच्या वर्षांत चांगल्या खेळाडूला चांदीचं पदक मिळत असे. ते एका जिनवाल्या शेठजींनी ठेवलं होतं आणि पाहुण्याच्या हातून दिलं जाई. पाहुणा म्हणजे कुणीतरी अधिकारी. ज्या वर्षी ते पदक बुडालं ते वर्ष मी पाहिलं आहे. मी तेव्हा शाळेत होतो. शेवटचा सामना नवमीला, आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला. दोन्ही संघ असे माखले होते की कोण चिखलीचा आणि कोण मलकापूरचा हे त्यांच्या आईलाही ओळखता आलं नसतं. एकाचाच सदरा पांढरा राहिला होता. तो आमच्या चिखलीचाच एक हौशी गडी, सगळा वेळ हरळीच्या पट्टीवर उभा राहून हात हलवत होता. पाहुण्यांना एवढा एकच माणूस दिसला. पदक त्याला मिळालं. लोकांना काही सुचेना. तेवढ्यात मलकापूरचा कप्तान, रेल्वेच्या माल-कचेरीत कारकून होता तो, मैदानातूनच ओरडला, "साहेबाले कपडेच पाहाचे होते, तं धोब्याले बलवाचं होतं!"

त्याला गप्प बसवण्यात आलं. पण दुसऱ्या दिवशी दसरा होता. शिलंगणाहून सगळं गाव मैदानावरून परतत होतं, ज्याच्या त्याच्या हातात आपट्याची पानं. मलकापूरचे खेळाडू चिखलीतच मुक्कामाला होते. त्यांचा कप्तान सगळ्यांसमोर आमच्या एका हाफपाशी, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूपाशी आला, ज्याने त्याला आदल्या दिवशी चेंडूला पाय लावू दिला नव्हता. त्याच्या हातात आपट्याचं पान ठेवून म्हणाला, "तू काल आमाले रडवलं. हे घे, हे खरं सोनं." मग मलकापूरचा दुसरा खेळाडू आला, मग तिसरा. मग सामना बघायला आलेले उंद्रीचे आले. आमचा तो हाफ पानांची ओंजळ धरून वेड्यासारखा उभा होता. पदकवाला गडी घरी निघून गेला होता.

पुढच्या वर्षीपासून हीच रीत झाली. दसऱ्याला संध्याकाळी सगळ्या संघांचे खेळाडू मैदानावर गोल करून बसत. प्रत्येकाच्या हातात एकच पान. ते आपल्या संघाबाहेरच्या ज्या माणसाने आपल्याला जास्तीत जास्त सतावलं त्याच्यापुढे ठेवायचं. आधी कुणी कुणाला मागायचं नाही. ज्यांच्यापुढे ढीग जमतो त्यांनी मधेच उठायचं नाही. त्यांनी आपलं पान शेवटी द्यायचं. शाळेचे ड्रिल मास्तर पानं मोजत. ज्याच्यापुढे सगळ्यात जास्त सोनं, त्याला फेटा. पदकाच्या जागी फेटा आला तो चिखलीच्या एका रंगाऱ्यामुळे. त्याने पहिला फेटा अंजिरी रंगात रंगवून आणून दिला, आणि मग दरवर्षी तोच रंग, तोच रंगारी. दोघांची बरोबरी झाली तर काय, असं कुणीतरी विचारलं तेव्हा तोच म्हणाला, "मधातून फाडू. अर्धा याले, अर्धा त्याले." लोक हसले, पण मास्तरांनी मान डोलावली आणि तो नियम झाला. वापरायची वेळ मात्र कित्येक वर्षं आली नाही.

या रीतीने माणसं बदललेली मी पाहिली आहेत. एका वर्षी मेहकरचा कप्तान आणि खामगावचा कप्तान भर मैदानात गुद्द्यांवर आले. एकाचा दात पडला. दसऱ्याला दात पडलेला उठला आणि थेट दुसऱ्यापुढे पान ठेवून परत येऊन बसला. दुसऱ्याने आपली पाळी आल्यावर तेच केलं. हरलेल्या माणसाला आपल्या हाताने कबूल करायला लावणारं असं बक्षीस दुसरं कुठे असेल तर मला दाखवा.

आता उंद्रीच्या माणसाकडे येतो.

तो चांगल्या घरचा होता. खामगाव रस्त्यावर त्यांची मोठी शेती, गोठ्यात नावाजलेले बैल. उंद्रीच्या संघात तो मधल्या हाफच्या जागी खेळायचा. अंगाने जाड, पळण्यात माझ्या मागे, पण चेंडू कुठे येणार हे त्याला चेंडूच्या आधी कळायचं. आणि तोंड कधी बंद नसायचं. मी पुढच्या फळीत खेळत असे. वडील तहसिलीत कारकून, म्हणून तो मला बाबू म्हणायचा. मी त्याला मालक म्हणायचो. मी चेंडू घेऊन निघालो की समोर हा, हात कमरेवर. "ये बाबू, ये. अर्ज आनला काय? शिक्का मारतो." आणि चेंडू त्याच्या पायाखाली. मी चिडून मागे पळालो की मागून, "उद्या ये, साहेब जेवाले गेले."

मीही त्या वर्षी चांगला खेळत होतो, ते खोट्या विनयाने लपवत नाही. पण उंद्रीसमोर माझं काही चालत नसे. आमच्या सामन्यात त्याने मला सारखं अडवलं. शेवटी शेवटी, चिखलात पाय रुतलेला असताना, मी डाव्या पायाने एक फटका मारला आणि चेंडू खांबाच्या आतून गेला. सामना आम्ही जिंकलो. तो चिखलात बसूनच टाळ्या वाजवू लागला. "मेलो मेलो बाबू! डावा पाय कुठून आनला बे? उसना भेटते काय?"

सामन्यानंतर आम्ही दोघं मैदानाच्या बांधावर बसलो होतो. त्याने घरून आणलेली भाकर-ठेचा माझ्यापुढे सरकवली. पाय खरवडता खरवडता म्हणाला, "बाबू, यंदाचा फेटा मले पायजे."

"मागायचा नसतो. नियम आहे."

"मागून नाई राह्यलो, सांगून राह्यलो. बुढ्यानं मले आखरी बोललं." बुढा म्हणजे त्याचे वडील. "म्हने, दसऱ्याले डोक्यावर फेटा घालून आला तं जलमभर खेळ, मी एक शब्द बोलनार नाई. रिकाम्या डोक्यानं आला तं मंग वखर धर, अन् चेंडूचं नाव घरात काढाचं नाई."

"तू चांगला खेळतो हे त्यांना दिसत नाही का?"

"त्याले काय कळते? मी सांगतलं तं म्हन्ते, आपल्याच तोंडानं आपलं गानं. म्हने, दुसऱ्या गावच्या लोकांनी म्हनलं पायजे, तवा मानन." त्याने एक मोठा घास घेतला. "बुढ्याचं बी चुकत नाई. मीबी बैल घेतानी विकनाऱ्याचं ऐकत नाई."

मी गमतीने विचारलं, "आणि अर्धा मिळाला तर?"

"अर्धा बी चालते की! त्याले कुठं मोजता येते फेटा किती लांब असते तं."

आम्ही दोघं हसलो. हे संभाषण मी शब्दन् शब्द लिहिलं आहे. दसऱ्याला मी जे केलं ते हे माहीत असताना केलं, म्हणून.

दसऱ्याला मैदान भरलं होतं. त्याचे वडील आले होते. शिंगं रंगवलेल्या बैलांची गाडी सोडून ते तिच्याच धुरीवर बसले होते, हातात काठी, मिशी पांढरी, नजर गोलाच्या मध्यावर. फेटा कशासाठी देतात हे त्यांना शेजारचा कुणीतरी समजावून सांगत होता.

पानं पडू लागली. थोड्याच वेळात दिसलं की ढीग दोनच आहेत, एक माझ्यापुढे आणि एक त्याच्यापुढे. सगळ्यांची देऊन झाली, आम्ही दोघं राहिलो. मास्तरांनी आधी दोन्ही ढीग मोजून घेतले. मग उभे राहिले आणि त्यांचा कवायतीचा आवाज मैदानभर गेला, "बरोबर!"

गर्दीतून असा आवाज उठला की धुरीला बांधलेले बैल उभे राहिले. रंगारी ओरडला, "कैची आना रे, कैची! माह्या फेट्याचा मुहूर्त आला." लोक हसून लोळत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो नियम कामी येणार होता.

तो आधी उठला. दोन ढेंगांत माझ्यापुढे आला आणि आपलं पान माझ्या ढिगावर ठेवलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "घे बे बाबू. डाव्या पायानं तसा गोल कोनी मारून दाखवावा." आणि परत जाऊन बसला. बसताना त्याने पाय आत ओढून घेतले, पुढ्यातली जागा मोकळी केली. माझ्या पानासाठी.

आता माझा ढीग एका पानाने मोठा होता. मी माझं पान त्याला दिलं असतं तर पुन्हा बरोबरी. मी उठलो. मी त्याच्याकडेच निघालो होतो, हे मी शपथेवर सांगतो. पण विजेत्याला सजवलेल्या गाडीत बसवून बाजारातून मिरवत नेत, पुढे लेझीम, माड्यांवरून बायका बघत. ती मिरवणूक मी महिनाभर मनात काढत होतो. तिच्यात माझ्या डोक्यावर अर्धा फेटा मला दिसला. शेंडीएवढा शेमला सुटलेला, शेजारी तो जाडा, दोघं लग्नात हरवलेल्या पोरांसारखे. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी त्याच्यावरून पुढे गेलो आणि मलकापूरच्या गोलकीपरपुढे पान ठेवलं. तो लीगमधला सगळ्यात वयस्कर खेळाडू. त्या वर्षी त्याच्या पायांमधून किती चेंडू गेले होते ते सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघू लागले. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी बोललो, "गोलकीपरला आजवर कुणी सोनं दिलं नाही. अडवणाऱ्यालाही मान मिळाला पाहिजे."

आधी मास्तरांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. बिचाऱ्या गोलकीपरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पान टोपीत खोवलं. अडवणारा दुसरा एक माणूस माझ्या मागे दोन हातांवर बसला होता, ज्याने मला सामनाभर अडवलं होतं.

त्याचे वडील उठले. बैल जुंपले आणि मुलाला म्हणाले, "चाल." तो गाडीत चढला. गाडी वळताना ओरडला, "फेटा नीट बांधजो बे! डोकं लहान हाये तुहं, घसरून नाकावर येईन." आणि मी मिरवणुकीच्या गाडीत बसलो. मिरवणूक जशी मनात काढली होती तशीच झाली, माड्यांवर बायकाही होत्या. बाजारपेठेच्या कोपऱ्यावरून खामगावचा रस्ता दिसतो. मी तिकडे बघितलं नाही.

पुढच्या वर्षी उंद्रीचा संघ त्याच्याशिवाय आला. मी कुणाला काही विचारलं नाही. त्या दसऱ्याला मी उभा राहून एक सूचना मांडली, की ज्यांच्यापुढे ढीग जमलेत त्यांनी आपली पानं शेवटी देण्याऐवजी मोजणीच्या आधीच, सगळ्यांबरोबर द्यावीत. ती लगेच मान्य झाली. तो नियम आजही आहे. आणि आता खोटी गोष्ट पूर्ण झाली: या माणसाने जिंकायच्या क्षणी एका म्हाताऱ्या गोलकीपरचा मान राखला, आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या फायद्याचा नियम स्वतः काढून टाकला. दर दसऱ्याला नव्या खेळाडूंना ही गोष्ट सांगतात. मी हजर असलो तर माझ्याकडे बोट दाखवून सांगतात. त्या नियमामागचं खरं कारण एवढंच, की माझ्या जागी दुसरा कुणी बसला तर त्याला मला मिळाली तशी संधी मिळू नये.

उंद्रीचा मालक पुन्हा खेळला नाही. पण तो आला, दरवर्षी आला. त्याच्या शेताच्या बांधावर आपट्याचं मोठं झाड होतं. दसऱ्याला दुपारी त्याची गाडी मैदानावर यायची, आपट्याच्या फांद्यांनी भरलेली. आमच्या लीगचं सगळं सोनं त्याच्या झाडाचं असायचं. फांद्या उतरवायचा, दोन शिव्या, चार विनोद, कापसाच्या, पावसाच्या गोष्टी, आणि पानं वाटायची वेळ आली की निघायचा. कुणी थांब म्हटलं तर म्हणायचा, "बैल बुजतेत गर्दीले." बैल जाऊन ट्रॅक्टर आला तरी तेच म्हणायचा, "टॅक्टर बुजते."

मध्यप्रांत गेला, महाराष्ट्र झाला. संघ कमी-जास्त झाले, पायांत बूट आले, रंगारी गेला आणि त्याचा मुलगा अंजिरी रंगवू लागला. रीत तशीच राहिली. गेल्या दसऱ्याला मला पाहुणा म्हणून खुर्ची दिली होती. गोष्ट सांगून झाल्यावर चिखलीचा तरणा गोलकीपर पुढे आला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्यामुळे आमच्या जागेला इज्जत आहे." मला आशीर्वाद देता आला नाही. मी खोकला आल्यासारखं केलं. समोर फांद्या उतरवून उंद्रीचा ट्रॅक्टर नुकताच गेला होता. त्या वर्षी तो स्वतः आला नव्हता, त्याचा मुलगा आला होता. गुडघे गेले म्हणाला, घरीच बसून असतात.

दोन दिवसांनी मी पेटीतून फेटा काढला. अंजिरी रंग जाऊन तो कांद्याच्या सालीसारखा झाला होता. मध्य धरला आणि ओढला. कैचीची गरज पडली नाही, जुनं कापड सरळ फाटत गेलं. दोन्ही अर्धे पिशवीत घातले आणि उंद्रीची एसटी धरली.

तो घराबाहेरच्या ओट्याखाली खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा निवडत होता. मला बघून डोळ्यांवर हात धरला.

"कोन? बाबू काय बे? अजून मेला नाई?"

"काम राहिलं होतं, मालक."

"कारकुनाचं काम कवा संपते?" त्याने खाटेवर जागा केली.

मी बसलो आणि सांगितलं. मिरवणुकीपासून सांगितलं, अर्ध्या फेट्याची लाज, गोलकीपर, नियम, सगळं. तो शेंगा निवडत राहिला. मी थांबलो तेव्हा म्हणाला, "मले मालूम होतं."

"केव्हापासून?"

"तवापासूनच. मलकापूरच्या त्या बुढ्याले सोनं! त्याच्या पायातून तं बकरीनं बी गोल मारला असता." आणि तो हसला, जुनं, मैदानावरचं हसू हसला. मीही हसलो. मग त्याचं हसणं थांबलं.

"पन मले काऊन सांगून राह्यला बे? माह्या बापाले सांगाचं होतं."

मी टोपल्यातली एक शेंग उचलून हातात धरली.

"बुढा मरेपर्यंत म्हने, हा दुसरा नंबर. नांगराचं तास वाकडं गेलं तरी म्हने, चिखलीत बी असाच दुसरा आला असन. मी म्हनो, बाबा, सोनं बरोबर पडलं होतं, मास्तरानं सांगतलं होतं. तं म्हने, मंग फेटा कुठं हाये?" त्याने शेंगांचं टोपलं खाली ठेवलं. "यवढंच इचारे. फेटा कुठं हाये?"

मी पिशवीतून अर्धा फेटा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो उलगडला. फाटलेली कड बोटांनी चाचपली, रंग उजेडात धरून पाहिला. मग म्हणाला, "उठव मले."

मी हात दिला. तो ओट्याची पायरी चढला. वर भिंतीला लागून एक दगडी बैठक होती, रस्त्याकडे तोंड करून. तिथे त्याचे वडील बसत असत. मी तिथे त्यांना येता-जाता पाहिलं होतं. तो त्या जागेवर जाऊन बसला आणि फेटा बांधू लागला. पीळ अजून बरोबर घालत होता. अर्ध्या फेट्यात त्याचं डोकं जेमतेम झाकलं.

"दुसरा अर्धा कुठं हाये?" त्याने विचारलं.

"पिशवीत."

"मंग बांध ना बे. एकट्यानं मिरवाची सवय सोड आता."

मी त्याच्या शेजारी बसून माझा अर्धा बांधला. शेतातून लोक परतायची वेळ होती. बैलगाडीवरून येणाऱ्या एका माणसाने गाडी थांबवली आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"काय आबा, कोनाचं लगन हाये?"

"लगन नाई रे. चिखलीचा फेटा भेटला. फुटबॉलचा."

"फुटबॉलचा? कवा भेटला?"

"आजच आला," तो मान ताठ ठेवून म्हणाला, फेटा घसरू नये म्हणून. "थोडा उशीर झाला. हा बाबू चिखलीहून पायी निंघला होता."